दार उघडण्यापूर्वी

ज्या खेळांविषयी पुढील पानांत लिहिले आहे, ते खेळताना एक क्षण असा येतो की कंट्रोलरवरचा अंगठा जागच्या जागी थबकतो. त्या क्षणाचे वर्णन केल्यावाचून या विषयाच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवता येत नाही, म्हणून प्रारंभ तेथूनच करतो. पडद्यावर एक अरुंद बोळकांडी आहे, तिच्या टोकाला एक बंद दार आहे, पिस्तुलात तीन गोळ्या उरल्या आहेत, जखम भरून काढणारी वनस्पती मागच्याच दालनात संपली आहे, आणि दारापलीकडून कोणीतरी पाय ओढत फरशीवरून चालत असल्याचा आवाज येत आहे. दुसरी वाट नाही. खेळणाऱ्याला कोणी घाई करीत नाही. मनात आले तर यंत्र बंद करून तो खुशाल झोपी जाऊ शकतो, कारण पलीकडे जे काही आहे ते दार उघडेपर्यंत त्याच्या केसालाही धक्का लावणार नाही. असे असताना तो पाच सेकंद उभा राहतो, दहा सेकंद उभा राहतो, श्वास रोखून धरतो, आणि मग ज्याची त्याला धास्ती वाटते तेच कृत्य स्वतःच्या हाताने करतो.

या दहा सेकंदांसाठी माणसे पदरचे पैसे मोजून रात्री जागवतात. त्यांना त्यातून कोणता लाभ होतो, आणि तो लाभ कथेतून, नाटकातून वा चित्रपटातून का होत नाही, हे समजून घेण्याच्या हेतूने हे पुस्तक लिहिले आहे.

इंग्रजीत या प्रकाराला सर्व्हायव्हल हॉरर म्हणतात, आणि मराठी खेळाडूही बोलताना तेच नाव घेतात. मी सोयीसाठी ‘भयखेळ’ हा सुटसुटीत शब्द वापरला आहे. परंतु मूळ जोडनावातला पहिला शब्द, म्हणजे तगून राहणे, जीव घेऊन पार होणे, हा दुसऱ्याइतकाच, किंबहुना काकणभर अधिक महत्त्वाचा आहे, हे वाचकाने सदैव ध्यानात ठेवावे. भीतीच्या छटा सांगायला आपली भाषा मुळीच तोकडी नाही: दचकणे वेगळे, हबकणे वेगळे, धसका घेणे वेगळे आणि धास्ती बाळगणे त्याहून वेगळे. दचकणे ही निव्वळ शरीराची गोष्ट आहे. पाठीमागे कोणी ताट आपटले तरी मनुष्य दचकतो आणि पुढच्या क्षणी सावरतो. धास्तीला मात्र वेळ लागतो, जागा लागते, आणि मुख्य म्हणजे गमावण्याजोगे काहीतरी पदरी असावे लागते. केवळ दचकवण्यावर ज्यांची सारी भिस्त आहे अशा खेळांचे पीक उदंड आले आहे. त्यांचा विचार मी येथे केलेला नाही.

या प्रकाराचे मूळ शोधू गेल्यास एका ओसाड वाड्यापाशी येऊन पोहोचावे लागते. १९८९ साली कॅपकॉम या जपानी संस्थेने फॅमिकॉम या घरगुती यंत्रासाठी ‘स्वीट होम’ नावाचा खेळ काढला. कियोशी कुरोसावा यांच्या त्याच नावाच्या चित्रपटावरून तोकुरो फुजिवारा यांनी तो सिद्ध केला होता. एका दिवंगत चित्रकाराच्या वाड्यातील भित्तिचित्रांची छायाचित्रे घेण्यासाठी पाच जणांची तुकडी आत शिरते आणि आतच अडकते. प्रत्येकापाशी एकेक कामाची वस्तू असते, कोणाजवळ लायटर, कोणाजवळ औषधांची पेटी. आणि पाचांपैकी कोणी मेला तर तो कायमचा मेला, त्याचे काम ज्याने भागेल अशी दुसरी वस्तू उरलेल्यांनी वाड्यातच हुडकायची. पुढे १९९२ साली फ्रान्समध्ये फ्रेडरिक रेनाल यांनी ‘अलोन इन द डार्क’ रचला, आणि खोलीच्या कोपऱ्यात कॅमेरा जणू खिळवून ठेवून, रंगवलेल्या दृश्यांवर त्रिमितीय पात्रे चालवण्याची रीत पाडली. हे दोन प्रवाह जेथे एकत्र आले तो खेळ २२ मार्च १९९६ रोजी जपानमध्ये ‘बायोहॅझार्ड’ या नावाने प्रसिद्ध झाला. इतर मुलखांत त्याला ‘रेसिडेंट ईव्हिल’ म्हणतात. शिंजी मिकामी हे त्याचे दिग्दर्शक, आणि ‘स्वीट होम’ला नवे रूप द्यावे या फुजिवारांच्या मनीषेतूनच त्याचा आरंभ झाला होता.

हा खेळ मी पहिल्याने पाहिला तो तासाच्या दराने प्लेस्टेशन खेळायला देणाऱ्या एका दुकानात. आठदहा मुले एका टीव्हीपुढे दाटीवाटीने उभी असत, कंट्रोलर एकाच्याच हातात असे, आणि दुकानदारकाका मधूनमधून ‘दहा मिनिटं राहिली’ म्हणून पुकारा करीत. त्या वेळी एक गोष्ट कानावर पडे, तिचा अर्थ उमगायला मला पुष्कळ वर्षे लागली. पडद्यावरचे पात्र मेले की कंट्रोलर धरलेला मुलगा म्हणे, ‘मेलो!’ ‘तो मेला’ असे कोणीही कधी म्हटले नाही. आणि शेजारी उभी असलेली मुले, ज्यांनी तेच दृश्य, त्याच क्षणी, तितक्याच जवळून पाहिले होते, ती म्हणत, ‘मेलास!’ प्रथमपुरुष एकट्याच्या वाट्याला आला होता. जो कंट्रोलर धरतो त्याचे भय आणि जो नुसता पाहतो त्याचे भय यांत जो फरक आहे, तो व्याकरणाने तेथे चोख दाखवला होता. मला तेव्हा ते उमगले नाही.

मिकामींचा हा खेळ ज्या वाड्यात घडतो त्याचा सारा कारभार हिशेबावर चालतो. ख्रिस हे पात्र निवडले तर अंगावर सहाच वस्तू बाळगता येतात, जिल निवडली तर आठ. पिस्तूल ही एक वस्तू, गोळ्या ही दुसरी, किल्ली ही तिसरी, आणि वनस्पतीची जुडी घ्यायची तर मानचिन्हासारखी दिसणारी एखादी लाकडी पाटी येथेच ठेवून जावी लागते, मग तीच पाटी पुढे कुठे तरी अत्यावश्यक ठरली तर पुन्हा या बोळातून यावे लागते. आपली प्रगती नोंदवून ठेवायची, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत सेव्ह करायची, तर त्यासाठी टंकलेखन यंत्र हुडकावे लागते आणि त्याला शाईची फीत लावावी लागते, फिती मोजक्याच. एका नोंदीला एक फीत खर्ची पडते. आता नोंद करावी तर पुढची बेगमी कमी होते, न करावी तर गेल्या अर्ध्या तासाची कमाई एका चाव्यासरशी बुडण्याचा संभव. जमा किती, खर्च किती, शिल्लक काय, हा ताळेबंद खेळणारा मनात अहोरात्र मांडीत असतो, आणि माझ्या मते भयखेळाचे खरे रहस्य येथे आहे: राक्षसाच्या रूपाइतकेच, आणि बहुधा त्याहून अधिक, भय या शिल्लकेत असते. बोळात एक चालते प्रेत उभे आहे. त्याला मारले तर चारपाच गोळ्या जातील, बगल देऊन निसटलो तर ते तिथेच राहील आणि परतताना पुन्हा गाठ पडेल. हा निर्णय कोणी आपल्याकरिता करून ठेवलेला नाही. तो चुकला तर त्याचे ओझे तासाभराने, दुसऱ्याच कुठल्या खोलीत, आपल्याच माथ्यावर येते.

त्याच वाड्यात दुसरीही एक तजवीज आहे. एका खोलीतून दुसरीत जाताना पडदा काळा होतो, काळोखात नुसते एक दार दिसते, ते कुरकुरत हळूहळू उघडते, आणि मग पुढचे दालन येते. तबकडीवरून पुढच्या खोलीची सामग्री यंत्राच्या स्मृतीत येण्यास जो अवधी लागे तो झाकण्यासाठी ही योजना होती. यंत्राच्या दुबळेपणातून ही कला जन्मली, परंतु तिने साधलेला परिणाम पाहता हे दुबळेपण त्या काळी नसते तर ते मुद्दाम निर्माण करावे लागले असते, असेच म्हणावे लागते. हाताने दार ढकलले आहे, माघार घेता येत नाही, आणि पलीकडे काय आहे ते अद्याप दिसत नाही.

यंत्राच्या उणिवेतून निपजलेल्या शोभेचे याहून श्रेष्ठ उदाहरण १९९९ साली कोनामी या संस्थेने काढलेल्या ‘सायलेंट हिल’चे. केइइचिरो तोयामा यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेल्या या खेळात एक सबंध गाव फिरायला मोकळे होते, आणि एवढे गाव दूरवर रेखाटण्याची ताकद त्या वेळच्या प्लेस्टेशनमध्ये नव्हती. म्हणून कर्त्यांनी गावावर दाट धुके पसरले. चार पावलांपलीकडचे रेखाटायला नको, आणि चार पावलांपलीकडचे दिसायलाही नको. नायक हॅरी मेसन हा पेशाने लेखक, त्या गावात हरवलेल्या आपल्या सात वर्षांच्या मुलीला तो शोधत आहे. नेम धरण्याची त्याला सवय नाही, थोडे धावले की त्याला धाप लागते. त्याच्याजवळ एक छोटा रेडिओ असतो, आणि काही अमंगळ जवळ आले की त्यातून खरखर उमटते. खरखर वाढत जाते, धुक्यात काही दिसत नाही. चकवा लागलेल्या माणसाची कथा ज्यांनी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली आहे, रात्रभर चालूनही त्याच वडापाशी येणारा तो वाटसरू ज्यांच्या मनात घर करून आहे, त्यांना हे धुके अपरिचित वाटणार नाही.

या खेळाचा आरंभ कर्त्यांनी कसा बांधला आहे तो पाहण्याजोगा आहे. मुलीची पाठमोरी आकृती धुक्यात दिसते, तिच्यामागे आपण एका गल्लीत शिरतो. गल्ली अरुंद होत जाते, कॅमेरा कलंडत जातो, कुठेतरी दूर भोंगा वाजतो, आणि दिवसाढवळ्या अंधार पडतो. हॅरी काडी ओढतो. तेवढ्या उजेडात कुंपणावर जे दिसते ते पाहून मागे फिरावे, तर आलेली वाट बंद झालेली असते, आणि लहान मुलांच्या चणीच्या आकृती हातांत सुरे घेऊन चोहोंकडून येतात. खेळणारा धडपडतो, बटणे दाबतो, जिवाच्या आकांताने पळतो. उपयोग होत नाही, कारण येथे मरावेच लागते. मेल्यावर हॅरी एका उपाहारगृहात जागा होतो, आणि खेळ आता कोठे सुरू होतो. पहिल्या पाच मिनिटांतच खेळाडूला एवढे कळून चुकते की येथे शौर्याचा अंमल चालणार नाही.

दोन वर्षांनी, २००१ साली आलेल्या ‘सायलेंट हिल २’ला मी या सगळ्या खेळांत अग्रपूजेचा मान देतो. जेम्स सुंदरलँड या गृहस्थाला त्याच्या पत्नीचे पत्र येते, मी त्या आपल्या गावी तुझी वाट पाहते आहे म्हणून. आणि पत्नी तर तीन वर्षांपूर्वी आजाराने वारली आहे. पुढचे कथानक मी सांगणार नाही. ते सांगणे म्हणजे वाचकाचा अपराध करण्यासारखे होईल. परंतु एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गावाबाहेरच्या थांब्यापासून गावापर्यंत एक पायवाट उतरते, आणि तीवरून जेम्सला काही मिनिटे नुसते चालावे लागते. कोणी अंगावर येत नाही. धुके, झाडी, स्वतःच्या पावलांचा आवाज, आणि त्या पावलांमागून दुसरी पावले येत आहेत की काय असा संशय. कोणताही घाईतला कर्ता ही वाट छाटून टाकता. येथे ती तशीच ठेवली आहे, कारण चालणाऱ्याचे मन त्याच अवधीत घरापासून तुटते.

शिवाय हा खेळ खेळणाऱ्याची गुपचूप नोंद ठेवतो. जखमी अवस्थेत आपण किती वेळ औषधावाचून हिंडलो, एका दुःखी मुलीने सोपवलेला सुरा पुनःपुन्हा काढून पाहिला की काय, पत्नीचे पत्र व छायाचित्र न्याहाळले की नाही, या बारीकसारीक वागणुकीवरून जेम्सचा शेवट मुक्रर होतो. शेवट निवडण्याचा प्रश्न कोठेही विचारला जात नाही. नकळत आपण जे केले त्याची कैफियत शेवटी आपल्यासमोर येते, आणि त्या वेळी जे भय वाटते त्याला धुके आणि राक्षस यांची गरज उरत नाही.

यानंतरच्या पिढीतील दोन खेळांचा उल्लेख आवश्यक आहे. स्वीडनमधील फ्रिक्शनल गेम्स यांच्या २०१० सालच्या ‘अम्नेशिया: द डार्क डिसेंट’ने खेळाडूच्या हातातील शस्त्र साफ काढून घेतले. कंदिलाला तेल थोडे. अंधारात राहिले तर मनाचा तोल ढळतो, उजेडात राहिले तर ते जे हिंडत आहे त्याला आपण दिसतो. आणि दार उघडायचे तर नुसती कळ दाबून भागत नाही: माऊस धरून दार हलके हलके आपल्याकडे ओढावे लागते, फटीतून पाहावे लागते, आणि बंद करायचे असेल तर तसेच लोटावे लागते. थरथरत्या हाताने लोटलेले दार नीट बंद होत नाही.

दुसरा, २०१४ सालचा ‘एलियन: आयसोलेशन’, इंग्लंडमधील क्रिएटिव्ह असेंब्ली यांचा. एका मोडकळीस आलेल्या अंतराळस्थानकावर अमांडा रिप्ली आणि एक श्वापद, जे कोणत्याही शस्त्राने मरत नाही. त्याच्या वागण्याची रचना दुहेरी आहे: एका सूत्रधाराला खेळाडूचा ठावठिकाणा नेहमी ठाऊक असतो आणि तो श्वापदाला त्या बाजूला मोघम पिटाळतो, श्वापदाला स्वतःला मात्र जे दिसेल आणि ऐकू येईल तेवढ्यावरच शोध घ्यावा लागतो. म्हणून ते आसपास सतत वावरते आणि तरीही त्याची चाल पाठ होत नाही. मी एकदा लोखंडी कपाटात लपून बसलो होतो. कपाटाच्या फटींतून त्याचे पाय दिसले, ते थांबले, वळले, आणि जबडा फटींशी आला. अमांडाला श्वास रोखायला लावायचे तर कळ दाबून धरावी लागते, आणि फार वेळ दाबली तर तिचा जीव कासावीस होऊन घटू लागतो. ते निघून गेल्यावर माझ्या लक्षात आले की एवढा वेळ श्वास मीही घेतला नव्हता. काही यंत्रांवर तर अशीही सोय होती की खेळणाऱ्याच्या खोलीतला खरा आवाज खेळात पोहोचावा आणि श्वापदाने तो ऐकावा. शेजारच्या खोलीत कोणी खोकले तरी प्राणाशी गाठ.

आता मूळ प्रश्न. भय दुःखदायक असून त्यात आनंद कसा, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. भरतमुनींनी भयानकाला आठ रसांत स्थान दिले. अभिनवगुप्तांनी त्याचे उदाहरण म्हणून शाकुंतलातील, राजाच्या रथापुढे मान वळवून पाहत धावणारे हरीण घेतले, आणि दाखवून दिले की प्रेक्षक ज्या भयाचा आस्वाद घेतो ते हरणाचेही राहत नाही आणि प्रेक्षकाचे स्वतःचेही नसते. देश, काल, व्यक्ती यांच्या बंधनांतून सुटलेले ते केवळ भय असते. मराठीत न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनात सविकल्प समाधीची उपपत्ती मांडली: वाचक स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, आणि या दुहेरी जगण्यात वाङ्मयाचा आनंद आहे. नारायण धारपांची कादंबरी पांघरुणात वाचणाऱ्या मुलाचा अनुभव या विचाराने पुरता उलगडतो.

भयखेळाचा मात्र पुरता उलगडत नाही, असे मला नम्रपणे सुचवायचे आहे. या दोन्ही विचारांत रसिक बसलेला आहे. हरीण धावते आहे आणि तो पाहतो आहे. भयखेळात हरीण कोणत्या दिशेला वळणार हे माझ्या अंगठ्यावर आहे, ते मी चुकीच्या दिशेला वळवले तर बाण माझ्यामुळे लागतो, आणि मी अंगठा हलवला नाही तर ते उभेच राहते. भय येथे सुटे, निर्वैयक्तिक होत नाही. त्याला कर्तृत्व चिकटलेले असते. तरीही हे आयुष्यातले खरे भय नव्हे, कारण दिवा लावण्याची मुभा सदैव हाताशी आहे. केळकरांची समाधी येथे आहे, परंतु तिला जबाबदारी जडली आहे. आपल्या दैनंदिन आयुष्यातील धास्ती बहुतेक अशी असते की तिच्याविरुद्ध काहीच करता येत नाही: तपासणीचा निकाल यायचा असतो, उत्तररात्री फोन वाजतो, मुलगा घरी परतलेला नसतो. भयखेळ आपल्याला तीच धास्ती देतो आणि तिच्या जोडीला तीन गोळ्या, अर्धा कंदील तेल आणि एक निर्णय देतो. भीत असतानाही हात हलतो, हा अनुभव मनुष्याला हवाहवासा वाटतो, आणि या खेळांची सारी मोहिनी माझ्या मते त्यात आहे.

म्हणूनच शिल्लक मुबलक झाली की भय ओसरते. ‘रेसिडेंट ईव्हिल’च्या घराण्यातच हे घडले. २००९ आणि २०१२ साली आलेल्या पाचव्या व सहाव्या खेळांत दारूगोळा आणि फौजफाटा एवढा वाढला की ते चांगले युद्धखेळ झाले, भयखेळ राहिले नाहीत. २०१७ साली सातव्या खेळात कर्ते पुन्हा एका घरात, एका बोळात, मोजक्या गोळ्यांवर परत आले, तेव्हा धास्तीही परतली. या खेळांनी मुले हिंस्र होतात असा आक्षेप घेणाऱ्यांनी एवढेच पाहावे की येथे हिंसा नेहमी महाग असते आणि पळून जाणे बहुधा शहाणपणाचे ठरते. कोवळ्या वयाच्या मुलांच्या हाती ते देऊ नयेत, हे मात्र मी निक्षून सांगतो. वेष्टनावर वयोमर्यादा छापलेली असते, ती पाळावी.

वाचकाला एक विनंती. दुसऱ्याने खेळलेला खेळ यूट्यूबवर पाहून या विषयाची ओळख करून घेऊ नये. तेथे आपण शेजारी उभे राहणाऱ्या मुलांपैकी एक असतो. नव्याने खेळू पाहणाऱ्याने पहिल्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ची २००२ साली पुन्हा घडवलेली आवृत्ती घ्यावी, ती आजच्या यंत्रांवरही मिळते. रात्री, एकट्याने, हेडफोन लावून बसावे. मुख्य दालनाच्या डाव्या हाताला जेवणघर आहे, तेथे लांब मेज आहे आणि उभे घड्याळ टिकटिकत असते. टोकाला शेकोटी आहे आणि तिच्याजवळ एक दार आहे. ते उघडावे, आणि मग हे पुस्तक वाचायला घ्यावे.